मंदावणाऱ्या यंत्राची नाडीपरीक्षा

सदैव दिसणारा दोष शोधून काढणे सोपे असते. बटण दाबूनही दिवा लागत नाही, तेव्हा दिवा निकामी झाला आहे की तार तुटली आहे, हे पाहावयास फारसा वेळ लागत नाही. परंतु दिवा मध्येच विझतो व आपोआप पुन्हा लागतो, तेव्हा जाणता कारागीरही बुचकळ्यात पडतो. कारण तो तपासावयास येतो त्या वेळी दिवा नेमका लागलेला असतो. खेळांसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या संगणकांत आढळणारा एक दोष याच जातीचा आहे.

संगणकाच्या पडद्यावर धावणारी मोटार वस्तुतः धावत नसते. संगणक अनेक स्थिर चित्रे काढून ती एकामागून एक दाखवितो, म्हणून ती धावताना भासते. एका सेकंदात ६० चित्रे दाखवावयाची, तर प्रत्येक चित्रासाठी सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे १७ भागच मिळतात. तेवढ्या अवधीत यंत्राचा एखादा भाग मागे पडला, की चित्र अडखळते. आठ-दहा वर्षे वापरलेल्या संगणकावर खेळ काही वेळ सुरळीत चालतो, मग चिखलात रुतलेल्या गाडीसारखा रेंगाळतो आणि थोड्या वेळाने पूर्ववत् चालू लागतो. ‘यंत्र म्हातारे झाले,’ असे म्हणून पुष्कळ लोक नव्या संगणकासाठी पैसे जमवू लागतात. परंतु केवळ वयामुळे वेग कमी झाला असता, तर तो सदैव कमी राहिला असता. ज्या अर्थी यंत्र मध्येच पूर्ववत् होते, त्या अर्थी त्याची शक्ती शाबूत आहे. तिला काहीतरी अधूनमधून अडवीत आहे. ते काय, एवढेच शोधावयाचे असते.

पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. संगणकाची आकडेमोड करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. त्यातून वीज वाहते तेव्हा तो तापतो. ही उष्णता वाहून नेण्यासाठी त्याच्यावर धातूच्या पातळ पत्र्यांची चळत व पंखा बसविलेला असतो, आणि दोहोंमध्ये उष्णता सहज जाऊ देणारा लेप लावलेला असतो. वर्षे लोटली की पत्र्यांच्या फटींत धूळ साठते, लेपही वाळतो. मग खेळ सुरू होताच तापमान वाढू लागते. कित्येक प्रोसेसरांत ते सुमारे १०० अंश सेल्सिअसला पोचले, की प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो व निवल्यावर पुन्हा वाढवितो. २००० साली निघालेल्या पेंटियम ४ या प्रोसेसरातही अशी योजना होती. म्हणजे ही मंदता हा मूळ रोग नव्हे. ते स्वसंरक्षण होय.

दुसरा संशय मेमरीवर घ्यावा. चालू कामास लागणारा मजकूर मेमरीत असतो. ती अपुरी पडली, की संगणक काही मजकूर हार्ड डिस्कवर ठेवितो आणि लागेल तेव्हा परत आणतो. मेमरीतून मजकूर मिळण्यास सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कला तो शोधावयास सुमारे शंभरावा भाग लागतो. टेबलावरील वही उचलण्यास एक सेकंद लागतो असे मानले, तर याच प्रमाणात डिस्कवरील वही हाती येण्यास एका दिवसाहून अधिक काळ लागेल! मग चित्र अडखळले तर नवल ते काय?

याखेरीज आणखी दोन कारणे संभवतात. विषाणुशोधक प्रोग्रॅम खेळ चालू असतानाच डिस्कची तपासणी आरंभितो. किंवा डिस्क झिजल्यामुळे तिला तोच भाग वाचण्याचा पुनःपुन्हा प्रयत्न करावा लागतो. डिस्कमधून खटखट असा आवाज येऊ लागला, तर इतर सर्व काम बाजूस ठेवून तिच्यातील महत्त्वाच्या मजकुराची प्रथम दुसरीकडे नक्कल करून घ्यावी. यंत्र विकत मिळते. गेलेली छायाचित्रे मिळत नाहीत.

यांतील खरे कारण ओळखावे कसे? त्यासाठी एक वही पुरते. खेळ मंदावला, की त्या वेळचे तापमान, प्रोसेसरचा वेग, मेमरीचा वापर व डिस्कचे काम यांची नोंद करावी. विंडोजमधील टास्क मॅनेजर यांतील बहुतेक आकडे दाखवितो. तापमानासाठी निराळे प्रोग्रॅम मिळतात. तापमान शिगेला पोचताच वेग घसरत असेल, तर दोष उष्णतेचा. मेमरी भरलेली व डिस्क अखंड राबत असेल, तर दोष अपुऱ्या मेमरीचा. मंदता रोज ठरावीक वेळी येत असेल, तर पडद्याआड चालणारे दुसरे काम शोधावे.

संशय पक्का झाल्यावर उपाय करावा. मात्र एका वेळी एकच. धूळही काढली, मेमरीही वाढविली आणि खेळ सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कळत नाही, आणि पैसे व्यर्थ गेले की काय हेही समजत नाही. धूळ काढावयाची ती वडील माणसांच्या देखरेखीखाली. संगणक बंद करून विजेची तार काढावी, पंख्याची पाती स्थिर धरावीत व मऊ ब्रशने धूळ झाडावी. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कधीही उघडू नये. तार काढल्यावरही तिच्यात काही काळ वीज साठून राहते.

त्यानंतर त्याच खोलीत, तोच खेळ, तेवढाच वेळ खेळून आकडे पुन्हा मांडावेत. दोष नाहीसा झाला, तर कारण सापडले. नाहीसा झाला नाही, तरी श्रम वाया गेले नाहीत. एक संशयित निर्दोष ठरला आणि शोधाचे क्षेत्र तेवढे लहान झाले. यंत्राचा दोष असा पायरीपायरीनेच सापडतो. तो सापडण्यापूर्वीच यंत्र टाकून देणे, म्हणजे रोग्याची नाडीही न पाहता त्याची आशा सोडण्यासारखे आहे.