सांगण्यासारखे काही असेल तर : इंग्रजीचे पहिले प्रकल्प

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून शिकवले जाई. सन २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे ज्यांनी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली, त्या शिक्षकांवर सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवण्याची जबाबदारी आली. घरात इंग्रजीचा वारा नाही अशा मुलाला ही भाषा भेटण्याची जागा एकच, ती म्हणजे वर्ग. तिथे ती नीट भेटली नाही, तर पालक माध्यमच बदलायला निघतात. मग मुलाला गणित, विज्ञान सारेच न समजणाऱ्या भाषेत पाठ करावे लागते. म्हणून प्राथमिक वर्गातल्या इंग्रजीच्या तासाला काय घडते हा प्रश्न केवळ भाषाशिक्षकाचा नाही; विज्ञान शिकवणाऱ्यांचाही आहे.

बहुतेक ठिकाणी काय घडते ते आपण जाणतोच. फळ्यावर शब्द, खाली स्पेलिंग, मुले सुरात म्हणतात आणि वहीत उतरवतात. वही सुंदर दिसते. पण त्याच मुलाला ‘व्हेअर इज युअर पेन्सिल?’ असे विचारले तर ते शेजाऱ्याकडे पाहते. याचे कारण मुलाची बुद्धी नव्हे. त्या शब्दांची त्याला आजवर गरजच पडलेली नसते, हे कारण आहे.

भाषा गरजेपोटी येते, ही गोष्ट आपल्याच देशात पडताळून पाहिली गेली आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत एक प्रयोग केला. तो ‘बंगलोर प्रकल्प’ या नावाने जगभर ओळखला जातो. त्यांनी व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवले आणि मुलांना नकाशे, वेळापत्रके अशा साहित्यावरची कोडी इंग्रजीतून सोडवायला दिली. मुलांचे लक्ष कोड्यावर असे. भाषा त्या ओघात येई. आपल्या लहान मुलांसाठी वेळापत्रकापेक्षा हातात धरता येईल, मोजता येईल अशी वस्तू बरी. तिसरी-चौथीच्या वर्गात करता येतील असे तीन प्रकल्प आम्ही येथे सुचवत आहोत. पहिली-दुसरीत तेच काम चित्रांवर आणि ऐकण्यावर भर देऊन करावे.

घरातल्या शब्दांची मोजणी

मुलांना सांगावे, की दोन दिवस घरात आणि रस्त्यावर कान उघडे ठेवा आणि बोलण्यात येणारे इंग्रजी शब्द गोळा करा. कप, गॅस, कुकर, फॅन, बस, स्टॉप, तिकीट, पेन अशी यादी पाहता पाहता पन्नासावर जाते. स्वयंपाकघर, रस्ता, शाळा, दवाखाना असे गट पाडून त्यांचा स्तंभालेख काढावा. ‘हाउ मेनी वर्ड्‌स?’ या प्रश्नाला आता खरे उत्तर असते. काही शब्द फसवेही निघतात. बादली आणि चावी पोर्तुगीजांकडून आल्या, तर रिक्षा मूळची जपानी.

याच शब्दांवर उच्चाराचा एक प्रयोग होतो. कागदाची अरुंद पट्टी ओठांसमोर धरून ‘पाणी’ म्हणा; पट्टी जवळजवळ स्थिर राहते. ओठ मिटून ‘फळ’ म्हणा. पट्टी उडते, कारण महाप्राण व्यंजनाबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती माणसे ‘पेन’ म्हणतात तेव्हाही पट्टी हलते. त्यांचा शब्दारंभीचा ‘प’ आपल्या प आणि फ यांच्या मधला असतो. आता आरसा घ्या. ‘व्हॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, ‘वॉटर’ म्हणताना ओठांचा चंबू होतो. आपल्याकडे ‘व’ एकच असल्याने हा भेद कानाला चटकन कळत नाही; डोळ्यांना मात्र कळतो. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य अशी उच्चारस्थानांप्रमाणे मांडलेली वर्णमाला मराठी मूल आधीच शिकलेले असते. ही त्याची जमेची बाजू आहे.

अंधारातले रोप

वर्गाचे दोन गट करावेत. रात्रभर भिजवलेले वालाचे दाणे दोन्ही गटांनी करवंट्यांत सारख्या मातीत पेरावेत आणि सारखेच पाणी घालावे. एका गटाच्या करवंट्या खिडकीत ठेवाव्यात, दुसऱ्याच्या बंद खोक्यात. अट एकच : एकमेकांची रोपे पाहायची नाहीत, इंग्रजीतून विचारायचे.

रोज मोजपट्टीने उंची मोजून वहीत लिहावी. सुरुवातीला पाच-सहा वाक्ये पुरतात : ‘इज इट टॉल?’, ‘व्हॉट कलर इज इट?’, ‘इट इज फाइव्ह सेंटिमीटर्स टॉल.’ आठ-दहा दिवसांनी दोन्ही रोपे शेजारी ठेवावीत. ऊन न मिळालेले रोप खुरटेल असा बहुतेकांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात तेच जास्त उंच निघते. मात्र ते फिकट पिवळे, बारीक आणि लहान पानांचे असते. अंधारात अंकुर बियाण्यातील साठवलेले अन्न खोड लांबवण्यावर खर्च करतो. मातीखाली असताना लवकर उजेडात येण्याचा तोच मार्ग असतो. हरितद्रव्य तयार होण्यासाठी मात्र प्रकाश लागतो, म्हणून रंग पिवळा.

येथे ‘टॉलर’ आणि ‘शॉर्टर’ शिकवावे लागत नाही, मुले ते मागून घेतात. पिवळे रोप उजेडात आणून ठेवले, की एक-दोन दिवसांत हिरवे होऊ लागते. तेव्हा ‘इट वॉज यलो. नाउ इट इज ग्रीन.’ हे वाक्य येते आणि भूतकाळही त्याबरोबर येतो. अचंबा वाटला, की मूल बोलल्यावाचून राहत नाही.

शाळेचे पर्जन्यमापक

पावसाळ्यात सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली वरून कापावी आणि वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवावा. तळ खडबडीत असतो, म्हणून त्यात खडे घालून ते बुडेपर्यंत पाणी ओतावे आणि त्या पातळीला शून्याची खूण करावी. रोज ठरलेल्या वेळी मोजून ‘टुडे इट इज रेनी. ट्वेल्व्ह मिलिमीटर्स.’ असे फळ्यावर लिहावे आणि पाणी पुन्हा शून्यावर आणावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे मुलांना अंगणात आखून दाखवता येते.

पुण्यातल्या शाळांना एक जादा सोय आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आले, म्हणून शिवाजीनगरच्या कचेरीला पुणेकर ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. तिथला पावसाचा आकडा वर्तमानपत्रात येतो. इंग्रजी वर्तमानपत्रातील ती चौकट वर्गात लावून शाळेच्या आकड्याशी ताडून पाहावी. कात्रज आणि शिवाजीनगर यांचे आकडे पुष्कळदा जुळत नाहीत. का, याची चर्चा खुशाल मराठीत होऊ द्यावी.

मराठीचे स्थान

शेवटची सूचना महत्त्वाची आहे. विचार, तर्क आणि वाद मराठीत. प्रश्न, उत्तर आणि नोंद सोप्या इंग्रजीत, अशी वाटणी ठेवावी. मराठीला बंदी केली की मूल गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला काय समजले हे कोणालाच कळत नाही. एका प्रकल्पात दहा-बारा नवे शब्द पुरेत. मूल बोलत असताना चूक दाखवू नये. त्याचेच वाक्य शिक्षकाने शुद्ध करून सहज पुन्हा म्हणावे. आपले इंग्रजी पक्के नाही अशी धास्ती वाटणाऱ्या शिक्षकांनाही या पद्धतीत अडचण नाही, कारण लागणारी वाक्ये आदल्या दिवशी तयार करता येतात.

परीक्षा घ्यायची तर वही तपासू नये. फळा पुसावा, मुलाच्या हातात दुसऱ्या गटाचे रोप द्यावे आणि ‘टेल मी’ एवढेच म्हणावे. त्याने तीन मोडकी वाक्ये सांगितली, तरी ती त्याची स्वतःची असतील. पाठ केलेल्या तीस स्पेलिंगांपेक्षा त्यांची किंमत अधिक धरावी.