संरक्षणाची किंमत

संरक्षणाच्या कराराचे मोल त्याच्या मसुद्यावरून नव्हे, तर त्याच्या हिशेबावरून ठरते. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीस ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेची छावणी होती. त्या फौजेची कहाणी या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

१७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत इंग्रज तटस्थ राहिले आणि मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. पुढे १७९८ मध्ये निजामाने तैनाती फौज पत्करली. १८०० च्या तहाने इंग्रजांनी त्याच्या राज्याच्या रक्षणाची हमी दिली. मोबदल्यात म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला मुलूख त्याला द्यावा लागला. युद्धकाळी स्वतःचे सैन्य पुरविण्याचे बंधनही त्याच तहात होते. त्यातूनच पुढे कंटिंजंट उभी राहिली. पगार निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा! पगार थकला, कर्ज वाढले आणि १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला.

अलीकडच्या करारांची भाषा निराळी आहे. १९४९ च्या नाटो कराराचे पाचवे कलम एका सदस्यावरील हल्ला सर्वांवरील हल्ला मानते. मात्र कोणती मदत आवश्यक, हे प्रत्येक राष्ट्र स्वतः ठरविते. १९७१ च्या भारत-सोव्हिएत करारात संकटसमयी विचारविनिमय करून योग्य उपाय योजण्याचे वचन होते. ते तोकडे वाटले, तरी भारताची सेना भारताच्याच हुकमतीत राहिली.

दुर्बळाला मित्र हवाच. परंतु फौजेचा खर्च कोणाचा आणि हुकूम कोणाचा, हे दोन प्रश्न सहीपूर्वीच विचारावयास हवेत. ते मागाहून विचारण्याची किंमत वऱ्हाडाएवढी असते.