हुलग्याचे कालवण

जत तालुका हा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा प्रदेश होय. बेभरवशाच्या पावसावर हलक्या, मुरमाड रानात जी कडधान्ये तग धरतात, त्यांत हुलग्याचे स्थान मोठे आहे. कन्नडभाषिक घरांत त्यासच हुरळी म्हणतात. मेंढ्यांच्या एका नामांकित जातीस याच तालुक्यातील माडग्याळ गावाचे नाव मिळाले आहे. तथापि मटणाचा रस्सा बहुधा जत्रेस किंवा पाहुणा आला असताच होतो. एरवी भाकरीस जोड हुलग्याची.

हुलगे निवडून रात्री भिजत घालतात, सवड असल्यास फडक्यात बांधून मोड आणतात, आणि मऊ होईपर्यंत शिजवितात. त्यांत वांगे किंवा शेवग्याच्या शेंगा टाकून लसूण-मिरचीची फोडणी देतात. शिजल्यावर वर राहणारे पाणी, म्हणजे कट, कदापि फेकू नये. दाण्यांतील काही क्षार व जीवनसत्त्वे त्यात उतरलेली असतात.

शंभर ग्रॅम कोरड्या हुलग्यांत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. शिजल्यावर दाणा पाणी पितो, म्हणून वाटीभर कालवणात हे प्रमाण पुष्कळ कमी भरते, हेही ध्यानात घ्यावे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक तुटपुंजा असतो. तो हुलगा पुरवितो. हुलग्यातील लोह मात्र मटणातील लोहाइतके सहज अंगी लागत नाही. भिजविणे व मोड आणणे यांनी ही अडचण काहीशी कमी होते. ताटात वाढल्यावर लिंबू पिळल्यास अधिक लाभ होतो. चुलीवर पिळल्यास उष्णतेने त्यातील क जीवनसत्त्व बरेच नष्ट होते. मटण घरी आलेच, तर त्याचे चार तुकडे याच कालवणात शिजविल्याने दाण्यांतील लोहही अधिक शोषले जाते. शाळेच्या पोषण आहारातील कडधान्यासही हे सर्व लागू आहे.

हुलगे उकडून बैलांसही चारतात. यास्तव एखादा विद्यार्थी डबा झाकून खात असेल, तर शिक्षकांनी त्याचे कारण ओळखावे व त्यास चारचौघांत काही न विचारता वर्गात हुलग्याचाच पाठ घ्यावा. मूठभर हुलगे मुलांकरवी तोलून भिजत घालावेत, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलावेत. वजन किती वाढले आणि ते कशाचे, हे मुलांनाच फळ्यावर मांडू द्यावे. हुलगे मात्र त्याच विद्यार्थ्यास घरून आणावयास सांगू नयेत.