झाप, शटर आणि सात चौरस मीटर समुद्र

तीन मीटर रुंद आणि दोन मीटर चाळीस सेंटिमीटर उंच. किहीम, नागाव, काशीद, कुठेही जा, समुद्राच्या बाजूला आता एवढी काच सर्रास दिसते. जुन्या घरांतलं जनेल असं नव्हतं. हा शब्दच इथे पोर्तुगिजांकडून आला. ते चौल-रेवदंड्याला १७४० पर्यंत होते. जनेल म्हणजे हातभर चौकट, उभे गज आणि लाकडी झडपा. समुद्र दिसावा म्हणून ते नव्हतंच. समुद्र तर रोजच दिसायचा, त्याला घरात कशाला घ्यायचं?

आता घेतलाच आहे, तर एक छोटं गणित करून पाहू. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर ते घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. आलेला आकडा म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा दाब, न्यूटनमध्ये. इमारतींवरच्या वाऱ्यासाठीचं जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग, तेही हेच सूत्र वापरतं. ताशी ६० किलोमीटरचा वारा घ्या, पावसाळ्यात ज्याला आपण नुसतं ‘सोसाट्याचा’ म्हणतो. त्या खिडकीवर साधारण १२० किलोचा भार येतो. वेग दुप्पट केला की भार चौपट होतो, जवळपास ४९० किलो. चांगली पोसलेली म्हैस काचेला अंग टेकून उभी राहावी, तेवढा! आणि ही म्हैस स्वस्थ उभी राहत नाही. झोतागणिक धडका देते.

ताशी १२० हा आकडा हवेतून काढलेला नाही. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा हवामान खात्याने वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० आणि झोत १२० किलोमीटर असा सांगितला होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या माडा-पोफळीच्या वाड्या त्या दिवशी आडव्या झाल्या. कौलं आणि पत्रे कागदासारखे उडाले.

पत्रे उडतात ते वाऱ्याने वरून ओढल्यामुळे, हे अर्धंच खरं. छपरावरून जाणारा वारा त्याला वर खेचतो, तेवढं बरीच घरं सोसतात. पण वाऱ्याच्या तोंडावरची मोठी खिडकी फुटली की हवा आत घुसते आणि घर फुग्यासारखं आतून फुगायला लागतं. मानकातली या आतल्या दाबाची गुणकं पाहण्यासारखी आहेत. भिंतीत उघडी जागा पाच टक्क्यांपर्यंत असेल तर ०.२, वीस टक्क्यांच्या वर गेली की ०.७. म्हणजे एक काच गेली की छपराला आतून बसणारा धक्का साडेतीनपट होऊ शकतो. खिडकी वाचवणं म्हणजे छप्पर वाचवणं आहे, हे मला हे आकडे पाहीपर्यंत सुचलं नव्हतं.

झापं बांधणाऱ्या माणसांना मात्र हे हाताने ठाऊक होतं. मृगाच्या आधी माडाच्या झावळ्या विणून पडवीच्या पश्चिमेला झापं लावायची, की झड आत येत नाही आणि वारा गाळून येतो. झाप सगळा वारा अडवत नाही, म्हणून टिकते. आणि ती भिंतीच्या बाहेर असते. ‘बाहेर’ हाच या सगळ्यातला कळीचा शब्द.

तो उन्हालाही लागू पडतो. एप्रिलमध्ये दुपारी साडेचारला पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला सहाशे वॅटच्या आसपास ऊन पडतं. छज्जा इथे काही कामाचा नाही. सूर्य खाली उतरून समोरासमोर बघत असतो. साध्या काचेतून त्यातला बराचसा भाग आत येतो. आपल्या सात चौरस मीटरमधून आलेल्या उष्णतेचा हिशेब साडेतीन किलोवॅटला पोचतो, म्हणजे एक टनाचा एसी फक्त त्या खिडकीच्या सेवेत गुंतला. मग आपण आतून जाड पडदा ओढतो. पण काच मोठी लबाड आहे: ती उन्हाला आत सोडते, आणि तापलेल्या पडद्यातून परत निघणाऱ्या लांब लहरींच्या उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. पडदा तापतो आणि खोलीतच शेगडीसारखा बसतो. तेच आवरण काचेच्या बाहेर असेल तर तापायचं ते बाहेरच तापतं, आणि वाराच त्याला थंड करतो.

म्हणून बाहेरचं शटर. हा शब्द ऐकला की किराणा दुकानाचं खडखडणारं लोखंडी शटर डोळ्यांपुढे येतं. त्याची गंमत वरच्या पिंपातल्या स्प्रिंगेत असते. शटर खाली ओढताना आपण स्प्रिंग पिळत असतो, आणि सकाळी तीच स्प्रिंग निम्मं वजन उचलू लागते. घराच्या शटरमध्ये स्प्रिंगेच्या जागी मोटर असते, आणि ती दिसतच नाही, कारण ती नळीच्या पोटात असते. मनगटाएवढ्या जाडीच्या लांबट डब्यात मोटर, दातेरी चक्रांची माळ, वीज गेली की आपोआप आवळणारा ब्रेक आणि वर-खाली कुठे थांबायचं ते लक्षात ठेवणारी कळ. या मोटरींच्या धंद्यातली एक मोठी कंपनी, सोम्फी, फ्रान्समधल्या क्लूझ गावची, १९६९ सालची. ते खोरं पिढ्यान्‌पिढ्या घड्याळांचे सुटे भाग बनवणारं. शटरच्या नळीत डोकावलं की ते नातं पटतं.

आणखी एक नवल. पोकळ ॲल्युमिनियमच्या, आत फोम भरलेल्या पट्ट्यांचं आपल्या खिडकीएवढं शटर भरतं पंचवीस-सत्तावीस किलो. उचलायला सुरुवात होते तेव्हा सगळं वजन लटकलेलं असतं, पण गुंडाळी बारीक असते. वर जाता जाता गुंडाळी जाड होते, तेवढ्यात लटकणारं वजन कमी झालेलं असतं. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात, त्यामुळे मोटरवरचा पीळ पहिल्या निम्म्या प्रवासात जवळपास सारखाच राहतो. सहा-सात फेऱ्यांत, अर्ध्या मिनिटाच्या आत, समुद्र मोकळा होतो.

विकणारा माणूस या मोटरीबद्दल, रिमोटबद्दल, मोबाइलवरून चालवण्याबद्दल तासभर बोलतो. आपण विचारायचं ते बाजूच्या रुळांबद्दल. वारा पट्टीला मध्यात वाकवतो आणि तिची टोकं रुळातून बाहेर खेचली जातात; शटर हरतं ते तिथे. रुंदी दुप्पट केली तर पट्टीवरचा वाकवणारा ताण चौपट होतो आणि तिचा बाक सोळापट! म्हणून तीन मीटरचं एकच शटर देखणं दिसलं तरी दीड-दीड मीटरची दोन आणि मध्ये एक भक्कम रूळ, हेच शहाणपणाचं. रूळ खोल हवेत, आणि पट्टीच्या टोकांना आत अडकणारे आकडे असले तर उत्तमच. फोमच्या पट्टीपेक्षा साच्यातून काढलेली जाड ॲल्युमिनियमची पट्टी कितीतरी कणखर, पण वजन दुप्पट-तिप्पट, म्हणजे मोटरही मोठी.

आकडा मागावा तो दाबाचा. युरोपीय मानकात शटरला वाऱ्याचे दर्जे आहेत आणि दर्जा ६ म्हणजे चौरस मीटरला ४०० न्यूटनचा चाचणी-दाब. ऐकायला भारदस्त, पण वरचं आपलं गणित न्यूटनमध्ये केलं तर निसर्गचा झोत भरतो ६६७. शांत गावांसाठी आखलेली ती फूटपट्टी आहे. वादळांच्या गावची फूटपट्टी वेगळी. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडा उद्ध्वस्त केल्यावर मायामी-डेड परगण्यात अशी चाचणी आली की चार किलोचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटर वेगाने खिडकीच्या आवरणावर झाडायचा. आपल्याकडे वाशाऐवजी शेजाऱ्याचा पत्रा येतो, एवढाच फरक. ‘वादळात टिकेल’ या आश्वासनाला अर्थ नाही. ‘या रुंदीला किती दाब?’ याला आहे.

वादळ कधीतरी येतं, खारी हवा मात्र रोजची. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं, हे बरणी उघडणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. किनाऱ्यावर पावसाळाभर हवा त्या रेषेच्या वरच असते, त्यामुळे धातूवर बसलेला क्षार सतत ओला, म्हणजे सतत चावत असतो. आणि चकित करणारी गोष्ट अशी की पावसात उघडा असलेला भाग बहुधा आधी गंजत नाही. पाऊस त्याला धुतो. गंजतात ते वळचणीखालचे, आडोशाचे भाग: शटरचा वरचा डबा आणि रुळांची आतली बाजू. म्हणजे जी जागा आपण सुरक्षित समजतो, तिलाच महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचा पाइप मारायला हवा. स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेसचे हवेत, त्यात क्षाराला तोंड देणारं मॉलिब्डेनम असतं. आणि स्क्रू व ॲल्युमिनियम यांच्या मध्ये प्लास्टिकची चकती, नाहीतर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजतं.

लोखंड टाळून बांधलेली एक वास्तू अलिबागेत शंभरावर वर्षं उभी आहे: चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याची चुंबकीय यंत्रं बिघडणार, म्हणून १९०४ च्या सुमारास ती इकडे आणली. पोरबंदरी दगड, सागवान, तांबं-पितळ. कारण वेगळं होतं, पण शटरचे स्क्रू निवडताना मला ती हटकून आठवते.

राहिली वीज. निसर्गनंतर श्रीवर्धन-मुरूडच्या काही गावांत ती आठवडेच्या आठवडे नव्हती. मोटर दोनशे-अडीचशे वॅटची, इन्व्हर्टरवर चालते, मात्र तो शुद्ध साइन-वेव्हचा हवा. चौकोनी लहरींवर ती गुरगुरते आणि तापते. पण इन्व्हर्टरही दुसऱ्या दिवशी झोपतो. तेव्हा भर दुपारी बंद घरात मिट्ट काळोख, पट्ट्या एकमेकींवर घट्ट बसलेल्या, त्यांच्यामधली बारीक भोकंसुद्धा मिटलेली. म्हणून हाताने फिरवायचं हँडल असलेली मोटरच घ्यायची, निदान एका दारापुरती तरी.

हँडलने सात चौरस मीटर उचलायला किती ताकद लागेल, याची मला धास्ती होती, म्हणून तेही मोजलं. सत्तावीस किलो, सरासरी सव्वा मीटर वर. घर्षण सोडलं तर तेरा लिटरची भरलेली घागर अडीच मीटर खोल विहिरीतून शेंदून काढण्याइतकं काम, बस. हँडलला फेरे बरेच घालावे लागतात, पण पहिल्या काही फेऱ्यांतच पट्ट्या सैल होतात, ती भोकं उघडतात आणि जमिनीवर उजेडाच्या ठिपक्यांच्या रांगा पडतात.