आवाज गोड असून भागत नाही

सिल्वासाहून वापी स्टेशन १५-१८ किलोमीटरवर, आणि वापीला गाडीत बसलं की अडीच-तीन तासांत मुंबई. वासोणा, नरोली, खानवेल इथल्या मुलामुलींना मुंबईचे डबिंग स्टुडिओ लांब वाटत नाहीत. आत शिरायचं कसं, हेच कळत नाही. त्यासाठी लागतो डेमो, म्हणजे आपल्या आवाजाचा मिनिट-दीड मिनिटाचा नमुना. या नमुन्याविषयी इतके चुकीचे समज पसरले आहेत की, कामाची माणसंही भलतीच फाइल पाठवतात आणि उत्तराची वाट पाहत बसतात.

पहिला समज आवाजाचाच. शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन केलेल्या प्रत्येकाला कुणीतरी म्हटलेलं असतं, ‘आवाज काय भारदस्त आहे रे तुझा!’ मग डेमोत तो भारदस्तपणा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकसारखा वाजत राहतो. ऐकणाऱ्याला मात्र हवं असतं दुसरंच : या माणसाला मजकूर कळला आहे का, आणि तो समोरच्या एका माणसाशी बोलतो आहे का? ‘बाहुबली’त प्रभासला हिंदीत आवाज देणारे शरद केळकर ग्वाल्हेरच्या मराठी घरातले. तरुणपणी आपण अडखळत बोलायचो, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. २०२१ च्या ‘पुष्पा’मध्ये अल्लू अर्जुनचा हिंदी आवाज श्रेयस तळपदे यांचा, तो त्यांचा रोजचा आवाज नव्हे, त्या भूमिकेसाठी घडवलेला आहे. दोन्ही ठिकाणी निसर्गाच्या देणगीपेक्षा मेहनतीचा वाटा मोठा आहे.

दुसरा समज आपल्या भागात फार खोल रुजलेला : ‘आमच्या बोलण्यात गुजरातीचा हेल आहे, आम्हाला कोण घेणार?’ सिल्वासाच्या बाजारात अर्धा तास फिरलं तरी गुजराती, हिंदी, मराठी, वारली, कोकणा, धोडिया इतक्या बोली कानावर पडतात. एवढी शिदोरी मुंबईत वाढलेल्या किती जणांकडे असेल? रेडिओ निवेदक अमीन सयानी यांना आकाशवाणीच्या हिंदी चाचणीत नाकारलं गेलं, कारण उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छाप होती. ही आठवण ते स्वतः सांगत. त्यांनी उच्चार घासूनपुसून घेतले आणि १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर त्यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली.

घासायचं काय, हे मात्र नेमकं माहीत हवं. मराठीत ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोन शब्दांतला ‘ज’ वेगळा. ‘जरा थांबा’मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ लिहायला सारख्या, बोलायला नाहीत. गुजराती किंवा हिंदी माध्यमात शिकलेल्यांची इथे हटकून चूक होते, आणि लिपीत खूण नसल्यामुळे ती कागदावर दिसत नाही. ‘चमचा’तला आणि ‘चार’ या आकड्यातला ‘च’ असाच वेगळा. त्यावर ‘ण’ आणि ‘ळ’ आहेतच. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचावं, ध्वनिमुद्रित करावं आणि प्रमाण मराठी बोलणाऱ्या कुणाला तरी ऐकवावं. वारली किंवा कोकणा अस्सल येत असेल, तर ती पुसू नका. तिचा स्वतंत्र नमुना करा. पण एकाच फाइलमध्ये चार भाषा कोंबू नका. जी भाषा जेमतेम येते, ती बाकीच्या तिन्ही भाषांची किंमत कमी करते.

‘महागडा माइक आणि स्टुडिओ हवाच’ हे अर्धंच खरं. आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा खोलीमुळे. उघड्या फरशीवर आणि मोकळ्या भिंतींवर आवाज आदळून घुमतो, आणि तो घुमारा नंतर नीट काढता येत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्यासमोर बसा, मागे दोन गोधड्या टांगा, पंखा आणि फ्रिज बंद करा. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरका ठेवा. म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ची हवा थेट त्यावर आदळत नाही. पत्र्याचं छप्पर असेल, तर पावसाळ्यात रात्रीची उघडीप गाठावी लागते. संवेदनशील कंडेन्सर माइक घुमणाऱ्या खोलीत लावला, तर घुमाराही तेवढ्याच निष्ठेने टिपतो. म्हणून पैसे आधी खोलीवर खर्च करावेत.

लांबीचं थोडक्यात. ऐकणारा पहिल्या दहा सेकंदांत मत बनवतो. त्यामुळे सुरुवातीला वाजणारं संगीत, ‘नमस्कार, मी अमुक’ची लांबण, छंदांची यादी हे सगळं काढून टाका. नाव फाइलला द्या, सोबत भाषा आणि प्रकार. जाहिरात, माहितीपट आणि पात्रांचे आवाज यांचे नमुने वेगवेगळे ठेवा. ऑडिओबुकसाठी मात्र दोन-तीन मिनिटांचं सलग वाचन लागतं, कारण तिथे दम आणि सातत्य पाहतात.

मजकूर टीव्हीवरच्या गाजलेल्या जाहिरातीचाच हवा, असंही नाही. ती ऐकताच मूळ आवाज आठवतो आणि तुलनेत तुम्ही हरता. शिवाय ते काम तुम्ही केलं आहे असा भास होणं गैर आहे. आपला मजकूर आपण लिहावा : वासोण्याच्या लायन सफारीत गाडीत बसलेल्या पर्यटकांना द्यायच्या सूचना, मसाट किंवा रखोलीच्या कारखान्यात नव्या कामगाराला यंत्राजवळची खबरदारी समजावणं. हे जग तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ते आवाजात खरं उतरतं.

आता एजंट. ‘एजंट मिळाला की काम सुरू’ ही कल्पना परदेशी चित्रपटांतून आली असावी. मुंबईत बरंचसं काम डबिंग दिग्दर्शक, स्टुडिओ आणि व्हॉइस कोऑर्डिनेटर यांच्यामार्फत मिळतं. कोऑर्डिनेटर आपला वाटा मिळालेल्या कामाच्या मानधनातून घेतो. नोंदणी फी, पोर्टफोलिओ फी असं आधी पैसे मागणाऱ्याला नकार द्या. ‘चाचणी’ म्हणून तासन्‌तास वाचन मागणाऱ्यालाही लेखी विचारा, हे ध्वनिमुद्रण कशासाठी वापरणार? आज तेवढ्यावर तुमच्या आवाजाची एआय नक्कल तयार होऊ शकते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा वापराला अंतरिम मनाई केली. नवोदिताला कोर्टाची पायरी परवडणारी नसते, म्हणून परवानगीचा कागद आधीच नीट वाचलेला बरा.

फाइल पाठवण्यापूर्वी ती एकदा अशा माणसाला ऐकवा, जो तुमच्या घरचा नाही. आवाज कसा वाटला, हे त्याला विचारू नका. त्यात काय सांगितलं, एवढंच विचारा. त्याला ते सांगता आलं नाही, तर गोधड्या पुन्हा टांगा आणि नव्याने रेकॉर्ड करा.