आजीच्या गोळ्यांची पिशवी

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक ताई उशिरा आल्या. सासूबाईंना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. पायांना सूज, लघवी कमी. रक्त तपासलं, तर मूत्रपिंडाचं काम बिघडलेलं. "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "बीपीची एकच." तेवढ्यात सासूबाईंनी कनवटीची पिशवी सोडली. आत गुडघेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली. दीड वर्षापूर्वी पाच दिवसांसाठी दिलेली गोळी त्या अजून घेत होत्या. पट्टी संपली की नातू रिकामं पाकीट दाखवून मेडिकलमधून नवी आणायचा.

आम्ही त्या ताईंना बोल लावला नाही. आमच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी असंच चालतं.

वय झालं की मूत्रपिंडाचं काम मंदावतं. औषध शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. त्यामुळे आपल्याला सोसणारी गोळी आजीला सोसेलच असं नाही.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या घ्या. त्या रोज घेतल्या तर पोटात जखम होऊन रक्त जाऊ शकतं, बीपी वाढतं, मूत्रपिंड बिघडतं. बीपीच्या काही गोळ्यांसोबत हा धोका आणखी वाढतो. पूर्वी आपल्या गुराढोरांनाही डायक्लोफेनॅक देत. अशी मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि गिधाडं दिसेनाशी झाली. म्हणून सरकारने २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणसाचं शरीर गिधाडासारखं नाही, पण हे औषध शेंगदाण्यासारखं खायचं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

सर्दीच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, लघवी अडते, कधी बोलण्यात भ्रम होतो. आपण म्हणतो, "वय झालं, आता चळलं." खरं कारण गोळी असू शकतं. झोपेच्या गोळीचंही तसंच. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुबा मोडतो आणि हिंडतं-फिरतं माणूस अंथरुणाला खिळतं.

आणखी एक गोष्ट उपवासाची. साखरेची गोळी घेतली आणि एकादशी म्हणून पोटात काही नाही, तर साखर एकदम उतरू शकते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळतं. शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ला फोन लावा. उपवासाआधी गोळीचं काय करायचं, ते डॉक्टरांना विचारा.

हे ऐकून कुणी बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या मनानेच बंद करू नका. त्यानेही जीव धोक्यात येतो.

मग करायचं काय? घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सगळी औषधं एका पिशवीत भरा. उशाखालची, देव्हाऱ्यातली, कनवटीची. शेजारणीने दिलेली गोळी, वैदूची पुडी, काढासुद्धा. ती पिशवी प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि डॉक्टरांना विचारा: कोणती कशासाठी? किती दिवस? कोणती आता नको? दोन डॉक्टर असतील तर दोघांनाही सगळी पिशवी दाखवा. एकच औषध दोन नावांनी चालू असल्याचं अशा वेळीच कळतं.

पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय आणू नका. दुसऱ्याची गोळी आजीला देऊ नका. नवी गोळी सुरू झाल्यावर चक्कर, सूज, गुंगी किंवा डांबरासारखी काळी शौच दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सासूबाई पिशवी दाखवायला तयार होत नाहीत, हेही आम्हाला ठाऊक आहे. "तुला माझ्या गोळ्यांचं ओझं झालं का?" असं ऐकावं लागतं. तेव्हा भांडू नका. आधी त्यांचे गुडघे किती दुखतात ते विचारा. दुखणं खरं आहे, म्हणूनच त्या गोळी लपवतात. शेक, हलका व्यायाम, सोसेल असं दुसरं औषध, यातलं काय चालेल ते डॉक्टर सांगतील.

आमच्या गटाने आता बचतीच्या वहीमागे एक पान वाढवलंय. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं औषध, वेळ आणि बंद करायची तारीख त्यावर लिहायची. पैशाचा हिशोब आपण चोख ठेवतो. हाही ठेवू या.