सेव्हिलचे वार्तापत्र : बसायला जागा नाही, हेच बरं

तापास बार म्हटलं की मराठी वाचकाला चकणा आठवतो आणि चकण्याबरोबर परमिट रूममधला अंधार. दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिलच्या गल्ल्यांत रात्री नवाच्या सुमारास दिसणारं चित्र नेमकं उलट असतं. लख्ख दिवे, रस्त्यापर्यंत आलेली गर्दी, बाबागाडीतलं पोर, हातपंख्याने वारा घेत उभी असलेली आजी आणि या सगळ्यांवर आवाज चढवणारा वाढपी. स्पॅनिश माणूस मुळातच शौकीन, म्हणून हे बार चालतात, असं पर्यटन-पुस्तिका सांगतात. मला ते पटत नाही. हे बार टिकले ते तिथलं सगळंच लहान ठेवलं गेलं म्हणून.

बिअरचा पेला साधारण दोनशे मिलिलिटरचा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे मोठा ग्लास संपायच्या आत कोमट होणार. बशीही तेवढीच: पालक घालून शिजवलेले छोले, बटाट्याच्या ऑम्लेटचा तुकडा, व्हिनेगरमध्ये मुरवलेली मासळी. भूक जास्त असेल तर तोच पदार्थ अर्ध्या किंवा पूर्ण थाळीच्या मापात मिळतो. अशा एका बशीला, म्हणजे एका ‘तापा’ला, तीन-चार युरो पडतात. ग्रानादा शहरात तर पेल्याबरोबर ती फुकट येते. त्यामुळे निवृत्तिवेतनावर जगणारा म्हातारा विद्यार्थ्याच्या आणि वकिलाच्या शेजारी उभा राहू शकतो. १६७० पासून चालत आलेल्या सेव्हिलच्या ‘एल रिंकोन्सियो’ या बारमध्ये हिशेब आजही गिऱ्हाइकाच्या समोर, लाकडी ओट्यावर खडूने मांडतात. तो चुकता करायचा आणि पुढच्या बारकडे निघायचं. यावर कोणी म्हणेल, ही दारूच, तिला फक्त खाण्याचं सोवळं नेसवलंय. दारू आहेच. पण पेला छोटा, सोबत खाणं आणि पाय चालते, यामुळे ती ताब्यात राहते. शिवाय शीतपेय मागणाऱ्याकडे इथे कोणी वळूनही बघत नाही.

रात्री दहाला जेवणाऱ्यांना आळशी ठरवणारेही पुष्कळ. त्यांनी घड्याळाकडे नीट पाहावं. १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने स्पेनचं घड्याळ एक तास पुढे नेलं, जर्मनीच्या वेळेशी जुळणारं केलं, आणि ते पुन्हा मागे आलंच नाही. जूनमध्ये सेव्हिलला सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो. सूर्याच्या हिशेबाने उन्हाळ्यातले रात्रीचे साडेनऊ म्हणजे जेमतेम सात वाजून गेलेले. दुपारी उशिरा झालेलं भरपेट जेवण आणि रात्रीचं हलकं खाणं यांमधली पोकळी तापा भरून काढते.

खरा आक्षेप पर्यटकांबद्दलचा आहे. २०२४ मध्ये स्पेनला जवळपास साडेनऊ कोटी परदेशी पाहुणे आले. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्याही आत. जुन्या वस्त्यांतली घरभाडी चढली, मूळ रहिवासी बाहेर गेले, हे खरंच. पण बारचं नुकसान पाहुण्याच्या येण्याने होतं त्याहून जास्त त्याच्या बसण्याने होतं. टेबल अडलं की मालकाला छोटी बशी परवडत नाही. म्हणून कित्येक ठिकाणी तापा फक्त ओट्याशी मिळते आणि बाहेरच्या टेबलांवर मोठ्या थाळ्याच मागवाव्या लागतात. तेव्हा सेव्हिलला आलात तर खुर्ची शोधू नका. नवानंतर जा, ओट्याशी कोपर टेकवा, एकच बशी मागवा आणि ती संपली की मागच्याला जागा द्या.